नवा माठ झिरपतोच

लग्नाला एकतीस वर्षं झाली त्या दिवशी
पल्लवीनं फोनवर हॉटेलचं नाव सांगितलं, सात रस्त्याजवळचं, एसीवालं.
गुरुसिद्धनं माझे ओठ वाचले आणि मान हलवली.
म्हणाला, माठ फुटलाय ना मागच्या आठवड्यात,
सीनेपलीकडं कुंभारांचं गाव आहे, तिकडंच जाऊ.

सकाळी साडेसातची एसटी.
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन कांदे.
मी हिरवी इरकल नेसलेली, त्याच्या लक्षात आली नाही,
किंवा आली असेल.
गाडीचा पत्रा असा खडखडत होता की
पुढच्या बाईनं पदर कानात कोंबला.
तो मात्र खिडकीला डोकं टेकून गाढ झोपला.
अठ्ठावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात
एकट्यानं सहा माग सांभाळलेला माणूस.
आधी उजवा कान गेला, मग डावा,
मग मालकानं चहा पाजून घरी पाठवलं.
कानाचं यंत्र आणलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून
विभूतीच्या डबीशेजारी ठेवलंय, सेल काढून.

गावात शिरलो तेव्हाच ऊन डोक्यावर.
बाभळीखाली मातीचा ढीग, त्यात लीद कालवलेली,
एक पोरगं पायानं मळत होतं, दुसऱ्या हातात मोबाईल.
ओसरीत म्हातारा ओला माठ ठोकत बसलेला,
आत दगडी गुंडा, बाहेर लाकडी थापी.
गुरुसिद्ध उकिडवा बसला त्याच्यासमोर
आणि उठेचना.
त्याची बोटं मांडीवर त्याच ठेक्यात पडायला लागली,
एक ठोका चुकला म्हाताऱ्याचा
तर हा हसला. म्हाताराही हसला.
दोघं एक शब्द बोलले नाहीत अर्धा तास.
मी लिंबाखाली कांदा फोडला.
घरी इतका वेळ तो माझ्यासमोर बसत नाही,
हे मी चिडून नाही सांगत.

मग माठ निवडायचा. त्यानंच. हट्टानं.
हौसाक्का, त्या घरची सून, एकेक उचलून
बोटाच्या पेरानं वाजवून दाखवायची: खण्ण, खण्ण.
यानं तळहात ठेवला माठांच्या पोटावर,
डोळे मिटले,
जसा पूर्वी मागाच्या लोखंडावर ठेवायचा
धोटा कुठं अडतोय ते बघायला.
सहावा पसंत पडला. लालभडक, गळ्याशी काळा डाग.
म्हणाला, महानंदा, हा बोलतोय.
हौसाक्कानं वाजवला.
बद्द.

तिनं माझ्याकडं पाहिलं.
मी रस्त्याकडं पाहिलं, तिथं एक शेळी चालली होती.
किती, मी विचारलं.
मगाशी अडीचशे म्हणाली होती, आता म्हणाली शंभर द्या,
आणि वर एक पणती ठेवली पिशवीत,
तिची किंमत तिनं सांगितली नाही, मी विचारली नाही.

परतीच्या गाडीत माठ त्याच्या मांडीवर,
माझ्या शालीत गुंडाळलेला, नातवासारखा.
खड्डा आला की तो दोन्ही हातांनी झाकायचा.
मी म्हणाले, द्या थोडा वेळ माझ्याकडं.
साक, म्हणाला कानडीत, साक,
आणि खिशातून गजरा काढला, दबलेला,
स्टँडवर कधी घेतला कुणास ठाऊक.

रात्री भरून ठेवला तिवईवर.
खाली ओल धरली तशी तो म्हणाला,
नवा माठ झिरपतोच, दोन दिवसांत मुरेल.
खाली पितळी ठेवली आणि झोपला, डावीकडं कूस करून.

टप्.
बराच वेळ काही नाही.
टप्.
मी मोजत होते, एकशे बारापर्यंत आठवतं.
दोनदा उठून पितळी रिकामी केली तुळशीत,
माठात तेवढंच ओतलं.

सकाळी त्यानं तांब्या बुडवला, प्यायला,
मिशीवरचं पाणी पुसत विचारलं,
झालं की नाही गार?
मी त्याच्याकडं तोंड करून, सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाले,
झालं.